नवलखी वाव आणि आजोबांचा हिशेब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून फोन आला तेव्हा मला ना गॅदरिंग आठवलं ना रिझल्ट, आठवली ती आठवीतली एक सकाळ, इतिहासाचे सर आम्हा तीस-पस्तीस पोरांना घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातून चालत नवलखी वाव बघायला निघाले होते. वाव आहे राजवाड्याच्या आवारात, त्यामुळे सरांनी आधीच परवानगी काढून ठेवली होती. मला तर वाव म्हणजे 'वाव मिळणे' एवढंच माहीत, सर म्हणाले अरे गावाकडे बारव म्हणतात ना, तीच ही.

आत शिरलो आणि सगळ्यांची बडबड आपोआप थांबली. सरळ खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्या, मध्ये मध्ये खांबांचे मजले, त्यांना कूट म्हणतात, आणि अगदी शेवटी विहीर. खाली जाऊ तसा गारवा वाढत जातो. इतक्या पायऱ्या कशाला असं मी विचारलं तर सर म्हणाले, उन्हाळ्यात पाणी खोल जातं, पावसाळ्यात वर येतं, माणसाला बाराही महिने पाण्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. दोरी-बादलीची विहीरच बघितलेल्या मला हे फार म्हणजे फार आवडलं.

मग त्यांनी शिलालेखाची गोष्ट सांगितली. गुजरातचा सुभेदार जफरखान, जो नंतर मुजफ्फरशाह म्हणून सुलतान झाला, त्याच्या काळातली ही वाव, हिजरी म्हणजे मुस्लिम कालगणनेतल्या ८०७ सालची. आणि तिथेच पायरीवर बसून हिशेब करून दाखवला, हिजरी वर्ष चंद्राचं, इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून ८०७ ला ०.९७ ने गुणायचं, आणि हिजरी सन सुरू झाला इसवी ६२२ मध्ये, म्हणून ६२२ मिळवायचे, येतं साधारण १४०५.

मी तर गारच झालो, कारण आमच्या घरी बडोदं म्हणजे गायकवाड आणि गायकवाड म्हणजे सयाजीराव महाराज, राजवाडा त्यांचा, आजवा तलावाचं पाणी त्यांनी आणलं, सक्तीचं मोफत शिक्षण त्यांनी सुरू केलं, हे सगळं खरंच आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे, पण गायकवाडांच्या हाती बडोदं कायमचं आलं १७३४ मध्ये, म्हणजे तेव्हाच ही वाव ३२९ वर्षांची होती! आपण आलो त्याच्या कितीतरी आधीपासून इथे कोणीतरी पाणी भरत होतं.

घरी येऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, म्हणाले, किती? परत सांग. रविवारी मला घेऊन स्वतः निघाले, पण परवानगी नव्हती, गेटवरून परत फिरलो. मग तसेच सरांच्या घरी गेलो, दोघं दोन तास बोलत बसले, मी शेजारी बसून ऐकत होतो. निघताना आजोबांनी सरांकडून एक चिठ्ठी मागून घेतली आणि खिशातल्या पेनाने तिच्यावर लिहिलं, ८०७ गुणिले ०.९७ अधिक ६२२. ती चिठ्ठी अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे.