टग हिलला बर्फ मोजायला गेलो होतो

जानेवारीत चार दिवस मोकळे मिळाले म्हणून सिरॅक्यूजहून आम्ही दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या टग हिल पठारावर जाऊन आलो. लोक तिकडे स्नोमोबाइल चालवायला जातात, आमच्या डिकीत ताजा बर्फ ज्यांच्यावर पडू देऊन मोजतात त्या दोन फळ्या, फूटपट्टी आणि पर्जन्यमापक. मला तिथलं माँटेग्यू गाव कधीपासून बघायचं होतं. जानेवारी १९९७ मध्ये तिथे २४ तासांत ७७ इंच बर्फ मोजला गेला, कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा १९२१ चा सुमारे ७६ इंचांचा विक्रम मोडला असं सगळ्यांना वाटलं, पण तपासणीत ती नोंद विक्रम म्हणून धरली नाही. कारण एवढंच की २४ तासांत सहा वेळा मोजून बेरीज केली होती आणि नियम जास्तीत जास्त चार वेळांचा आहे.

मला हा अन्याय वाटायचा. मी चिपळूणचा, पाऊस तासातासाला मोजा नाहीतर दिवसातून एकदा, बेरीज तीच येते. पण बर्फ स्वतःच्या वजनानेच खाली बसतो ना, त्यामुळे जितक्या वेळा मोजून फळी पुसाल तितकी बेरीज फुगते.

हे स्वतः करून बघायचं होतं. बार्न्स कॉर्नर्सजवळ केबिन घेतली होती, मालकांना विचारून मागच्या मोकळ्या जागेत पांढरा रंग दिलेल्या दोन प्लायवुडच्या फळ्या ठेवल्या, दोन फूट बाय दोन फूट. एक दर तासाला मोजून पुसायची, दुसरीला सहा तास हातच लावायचा नाही. दुपारी ऑन्टॅरियो सरोवरावरून बर्फाच्या ढगांचा पट्टा आला आणि जो काही बर्फ सुरू झाला, समोरची झाडं दिसेनाशी झाली. सहा तासांनी पहिल्या फळीची बेरीज ९.४ इंच आणि दुसरीवर ७.६! एकाच अंगणात, एकाच वेळी. नोंदवायचा आकडा ७.६, आणि आता मला तो नियम पूर्ण पटलाय. तासातासाला नुसतं वाचायला हरकत नाही, पुसायचं मात्र सहा तासांच्या आत नाही.

जाणार असाल तर फळीशेजारी उंच काठी नक्की रोवा. आम्ही पहिल्या रात्री रोवली नाही आणि सकाळी फळी शोधताना सगळा थर तुडवला गेला, ती नोंद गेलीच. घराच्या भिंतीपासून लांब ठेवा, नाहीतर वारा तिथे ढीग तरी करतो किंवा सगळं उडवून तरी नेतो. बर्फ थांबला की लगेच मोजा, दुपारपर्यंत थांबलात तर थर बसलेला असतो. ताजा बर्फ इंचाच्या दहाव्या भागापर्यंत लिहायचा.

पाणी किती हे बघायला चार इंच व्यासाचा साधा पर्जन्यमापक पुरतो. थंडीत त्याचं नरसाळं आणि आतली नळी काढून घरात ठेवायची, नुसतं बाहेरचं नळकांडं उघड्यावर. आतल्या नळीने कोमट पाणी मोजून त्यात ओतायचं, बर्फ वितळला की सगळं परत मोजायचं आणि आपलं पाणी वजा. आमचं ०.३१ इंच निघालं, मला ते कमी वाटलं, कारण वाऱ्यात हलका बर्फ नळकांड्यात न पडता वरूनच निघून जातो. म्हणून दुसऱ्या फळीवर रिकामं नळकांडं उलटं दाबून, खालून पातळ पत्रा सरकवून तेवढाच तुकडा काढला आणि वितळवला, ०.४२ इंच आले! म्हणजे एक इंच पाण्याला १८ इंच बर्फ. दहाला एक हा जो सरसकट हिशोब लोक सांगतात तो सरोवराच्या अशा कापसासारख्या बर्फाला लावू नका.

गाडीला स्नो टायर हवेतच. १७७ नंबरच्या रस्त्यावर ऊन असतं आणि पाच मैलांवर पुढचं काही दिसत नाही, हे पट्टे इतके अरुंद असतात. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, फावडं आणि ब्लँकेट गाडीत ठेवा. राहायला लोव्हिल किंवा वॉटरटाउन सोयीचं, पण मोजायचं असेल तर वरच राहा, सहा तासांची वेळ पाळायची म्हणजे रात्री उठावं लागतं.

शेवटच्या सकाळी माँटेग्यूला थांबलो. साचलेल्या बर्फाची खोली एका जागी बघून चालत नाही, म्हणून पाच ठिकाणी पट्टी खुपसली: ३१, ३४, २७, ३३, ३०. सरासरी ३१. खोली पूर्ण इंचातच लिहितात, तशी वहीत लिहिली आणि निघालो.