मलिक अंबरच्या मागावर : भातोडी, खडकी, खुलताबाद

संभाजीनगरच्या लॉजवर पहाटे साडेपाचला जाग आली ती टँकरच्या आवाजाने. खाली दोन पोरं पाइप ओढत होती, आणि न्हाणीघराच्या दारावर पाटी होती : ‘पाणी जपून वापरा. दोन बादल्या पुरे.’ मी मामांना म्हटलं, ज्याच्यासाठी आपण इथवर आलोय, त्याने याच गावात चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून पाणी खेळवलं होतं. मामा दुसरी बादली भरत म्हणाले, “मग त्यालाच बोलव.”

तो म्हणजे मलिक अंबर. जन्म 1548 च्या सुमाराचा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे बाजार बदलत दख्खनला पोचला. इथे त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्याने, चंगीझखानाने, आणि हा चंगीझखान स्वतःही हबशीच, म्हणजे मूळचा आफ्रिकेतला. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि शिपाईगिरी करत वर चढला. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा निजामशाही संपलीच असं सगळ्यांनी धरलं होतं. अंबरने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि पुढची पंचवीस वर्षं मोगलांना झोपू दिलं नाही. शाळेत आपण त्याच्याबद्दल शिकतो ते एका ओळीत, गनिमी काव्यापुरतं. म्हणून ही फेरी.

आम्ही पुण्याहून गाडी केली. तुम्हीही जमलं तर तसंच करा, कारण पहिलं ठिकाण एसटीने गैरसोयीचं आहे. नगरपासून साधारण वीस किलोमीटरवर भातोडी. 1624 मध्ये इथे मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या होत्या. अंबरने तळ्याचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीत चिखल केला, रात्री छापे घातले आणि मग हल्ला चढवला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले. त्यांची समाधी गावात आहे. पाटीची वाट बघू नका, गावात शिरल्यावर कुणालाही विचारा. आम्ही एका पानटपरीवर विचारलं, तर टपरीवाला शटर अर्धं ओढून आमच्यासोबत चालत आला. तळ्याच्या बाजूला हात करून म्हणाला, “सगळं इथूनच सोडलं.” जणू परवाचीच गोष्ट. इथे अर्धा-पाऊण तास पुरतो. नगरमध्ये जेवून संध्याकाळपर्यंत संभाजीनगर गाठता येतं.

हे शहरही त्याचंच. 1610 च्या सुमारास त्याने खडकी नावाच्या गावाची राजधानी केली. त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, तिला फतेहनगर म्हटलं. 1653 मध्ये औरंगजेबाने स्वतःचं नाव दिलं. आता पुन्हा नाव बदललंय. नावं बदलली, पण भडकल दरवाजा 1612 पासून आहे तिथेच आहे. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधलेला. सकाळी सातच्या आत जा. नंतर रिक्षांच्या गर्दीत मान वर करून बघायला उभं राहता येत नाही. जाडजूड खांब, वर कमानी, आणि कमानींच्या खाली मान घातली की एकदम थंडावा. दरवाजाजवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. इथिओपियाचा गुलाम आणि बाबासाहेब एकाच चौकात. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण मला तिथून हलवेना. मामांनी तेवढ्यात दोन चहा घेतले.

आता पाण्याची भानगड, कारण इथे बहुतेक जण चुकतात. आम्हाला भेटलेल्या एका गाइडने पाणचक्की दाखवून छातीठोक सांगितलं, “ये मलिक अंबर का काम है.” नाही. पाणचक्की अठराव्या शतकातली, बाबा शाह मुसाफिर दर्ग्याच्या आवारातली, आणि तिचं पाणी वेगळ्या नहरीचं, म्हणजे कालव्याचं. ती बघाच, पडतं पाणी बघायला मजा येते. पण अंबरची नहर म्हणजे नहर-ए-अंबरी, 1617 च्या सुमाराची. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्यापासून, हर्सूलच्या बाजूने, जमिनीखालून बोगदा खणत आणलेली. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. झिरपून जमा झालेलं पाणी आपल्या वजनाने शहरापर्यंत येतं. मध्ये मध्ये उभ्या विहिरींसारखे झरोके ठेवले, हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. या नहरीसाठी तिकीट खिडकी नाही आणि नीट फलकही नाहीत. स्थानिक इतिहासप्रेमी कधीकधी वारसा फेरी काढतात. तारीख जुळली तर तीच धरा. एकट्याने झरोक्यात वाकून बघायला जाऊ नका, काठ ठिसूळ आहेत.

खुलताबाद शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटर. मध्यवर्ती स्टँडवरून वेरूळकडे जाणाऱ्या एसटी तिथून जातात. वाटेत दौलताबाद लागतं. निजामशाहीची राजधानी तिथेही होती, पण किल्ल्याला तीन तास आणि चांगले गुडघे लागतात. मामांचे नव्हते, म्हणून आम्ही खालूनच बघितला. खुलताबादला उतरलात की रिक्षावाला न विचारता औरंगजेबाच्या कबरीकडे नेतो. तिथे पोलीस बंदोबस्त असतो, ओळखपत्र जवळ ठेवा. आमच्या रिक्षावाल्याला अंबरचा मकबरा म्हटल्यावर कळेना. “वो बडा गुंबद, बाहर वाला” म्हटल्यावर लगेच कळलं.

तो बडा गुंबद गावाबाहेर आहे. चौकोनी, उंच जोत्यावरची इमारत, दर्शनी भिंतीत कमानींचे कोनाडे, काहींत जाळ्या, वर एकच घुमट. अंबरने तो हयातीतच बांधून घेतला असं सांगतात. 1626 मध्ये तो वारला. शेजारी त्याच्या बायकोचा, बीबी करीमाचा, लहान मकबरा. आम्ही पोचलो तेव्हा आत कुणी नव्हतं. जोत्यावर एक शेळी, पायऱ्यांवर दोन शाळकरी मुलं अभ्यासाच्या नावाखाली मोबाइल बघत. चपला काढून आत गेलो. डोळे अंधाराला सरावले की थडगं दिसतं, आणि बोललं की घुमटात आवाज फिरतो. मामा जमिनीच्या कामातले, निवृत्त तलाठी. ते हळूच म्हणाले, “मलिकंबरी धारा म्हणतात तो याचाच की.” जमिनीचा कस पाहून, पीक पाहून सारा ठरवायची त्याची पद्धत होती. मला लढाया माहीत होत्या. मामांना हा माणूस सातबाऱ्याच्या बाजूने ओळखीचा निघाला, आणि मग ते बराच वेळ बाहेर यायला तयार नव्हते.

जहांगीर बादशहाने एक चित्र काढून घेतलंय : स्वतः पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. ते चित्र आज डब्लिनला आहे. प्रत्यक्षात मोगलांना हा माणूस कधी हाती लागलाच नाही. अंथरुणावर मेला, ऐंशीच्या घरात.

जाण्याआधी एवढं ध्यानात ठेवा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, म्हणून लेणी जोडायची असतील तर मंगळवार टाळा. नुसतं अंबरसाठी जात असाल तर उलट मंगळवारच बरा, रस्त्यावर गर्दी कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मकबऱ्याजवळ पाणी मिळत नाही, बाटली भरून न्या, आणि टॉर्च घ्या. शहरात नान-कलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायचाच, पण दुपारी लवकर. उशिरा गेलात तर कलिया संपलेला असतो आणि नुसता नान हातात येतो. आम्हाला तसाच मिळाला.

ही फेरी आवडली तर पुढची मुरूडची करा. जंजिऱ्याला सगळेच जातात, पण राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी, म्हणजे अंबरसारख्याच हबशी सरदारांचे तीन दगडी घुमट आहेत, त्यांतला मोठा सिद्दी सुरूलखानाचा. तिथेही बहुधा तुम्ही एकटेच असाल. आम्ही मार्चच्या आत जाणार आहोत. मामांनी गुडघ्याचा पट्टा घेतलाय.

परतताना खुलताबादच्या नाक्यावर पेरू घ्या. आम्ही दोन किलो घेतले, लॉजवर येऊन धुवायला गेलो, तर नळाला पाणी नव्हतं.