वान्झेचा बंगला आणि डेन्मार्कची मुलं

बर्लिनहून एस-७ लोकलने वान्झेला जाताना वाटेत ग्रुनेवाल्डला जरूर उतरा. इथल्या १७ नंबरच्या फलाटावरून ज्यूंना गाड्यांत भरून नेलं. फलाटाच्या कडेला १८६ पोलादी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसं किती, गाडी कुठे गेली. शेवटची २७ मार्च १९४५ ची: १८ ज्यू, टेरेझिएनश्टाट ही नाझींची छळछावणी. रशियन फौजा बर्लिनच्या तोंडाशी आलेल्या, तरी कुणीतरी कागद रंगवून ती गाडी काढलीच.

वान्झे स्टेशनवरून ११४ नंबरची बस तळ्याकाठच्या बंगल्यापाशी सोडते; तो आता स्मारक आहे. २० जानेवारी १९४२ ला नाझी सुरक्षा खात्याचा प्रमुख हायड्रिशने इथे बैठक बोलावली होती. ज्यूंचं हत्याकांड पूर्वेकडे आधीच सुरू झालं होतं. कुठल्या खात्याने काय करायचं, याचा मेळ इथे घातला गेला. हजर १५ जण, त्यातले आठ डॉक्टरेट मिळवलेले. इतिवृत्ताच्या ३० प्रती निघाल्या, त्यातली एकच सापडली.

आत डेन्मार्कहून आलेली दहावीच्या वयाची मुलं होती. सगळं इंग्रजीत चाललं होतं, म्हणून परवानगी घेऊन मागे उभी राहिले. शिकवणाऱ्या बाईंनी प्रेतांचे फोटो दाखवले नाहीत, आणि मला ते फार पटलं. तसल्या फोटोंनी पोरं हादरतात आणि तिथेच थांबतात. बाईंनी इतिवृत्ताचं सहावं पान हातात दिलं. देशवार ज्यूंची यादी, बेरीज १ कोटी १० लाखांवर. एका मुलाने बोट फिरवत आपला देश शोधला: डेन्मार्क, ५,६००. मग चर्चा रंगली ती १९४३ ची. जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये ज्यूंची धरपकड होणार ही खबर फुटली आणि सात हजारांवर माणसं मच्छीमार होड्यांतून स्वीडनला पोचवली गेली. खबर कुणी दिली, होडी कुणी दिली, घरात कुणी लपवलं, हे बाई एकेकाकडून काढून घेत होत्या.

इथे नर्सिंगच्या, पोलिसांच्या, सरकारी नोकरांच्या गटांसाठीही वर्ग भरतात; आपल्याच पेशातल्या लोकांनी तेव्हा काय केलं, ते त्यांना तपासायला लावतात. आपल्याकडे शिस्तीच्या मास्तरांना सहज ‘हिटलर’ म्हणतात, तेव्हा असा वर्ग बी.एड.ला हवाच, असं मला मनापासून वाटतं.

वरच्या ग्रंथालयाला योसेफ वुल्फचं नाव आहे. आउशवित्समधून वाचलेला हा इतिहासकार १९६० च्या दशकात इथे दस्तऐवज केंद्र व्हावं म्हणून झगडला. त्याला यश आलं नाही. बंगल्यात शाळकरी मुलांचं सहलगृहच राहिलं. १९७४ मध्ये त्याने आत्महत्या केली. स्मारक झालं १९९२ मध्ये.

शेवटी मुलांना १५ जणांतला एकेक जण वाटून दिला: युद्धानंतर याचं काय झालं, शोधा. एका मुलीकडे क्लोप्फर आला. उल्ममध्ये वकिली केली, १९८७ मध्ये वारला. ती तडक बाईंकडे गेली आणि विचारलं, “मग याच्याकडे खटले कोण घेऊन जात होतं?”