कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घरच्यांची नावं घालताना

पॉलिसी रिन्यू व्हायची वेळ आली की एचआरचा मेल येतो: घरच्यांची माहिती अमुक तारखेच्या आत भरा. सोबत एक्सेल शीट नाहीतर पोर्टलची लिंक. रकाने चार-पाचच असतात. नाव, नातं, जन्मतारीख, लिंग, मोबाईल. काम किरकोळ दिसतं, म्हणून शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उरकलं जातं. पुढे कधीतरी हॉस्पिटलच्या काउंटरवर समजतं की आईचं नाव यादीत आहे, पण आधारवर आहे तसं नाही. आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात हा घोळ जरा जास्तच होतो. घरातले निम्मे कागद कन्नडमधले, निम्मे मराठीतले, आणि एचआर बसलेला असतो पुण्यात नाहीतर बेंगळुरूला.

आधी पगाराची स्लिप काढा आणि आपण ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आहोत, की कंपनीने सगळ्यांसाठी घेतलेल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये ते बघा. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयखाली येत असेल, तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरले जातात. दिव्यांग कामगाराला ही मर्यादा २५,००० आहे. मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला फाउंड्रीत ओव्हरटाइम करून हातात २४,००० पडले, तरी तेवढ्याने ईएसआय सुटत नाही. पगारवाढीने मर्यादा ओलांडलीच, तर चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, ईएसआय चालू राहतं. तोवर कंपनीच्या मेडिक्लेममध्ये नाव घालून घ्यायचं. या दोन्हींच्या मधल्या फटीत बरीच कुटुंबं सापडतात.

ईएसआयच्या फॉर्ममध्ये कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको, अल्पवयीन मुलं, शिकत असेल तर २१ वर्षांपर्यंतचं मूल, लग्न न झालेली मुलगी, आणि महिन्याचं उत्पन्न ९,००० च्या आत असलेले अवलंबून आई-वडील. त्यातला ‘सोबत राहतात का’ हा रकाना डोळे झाकून ‘होय’ करू नका. कामगार बेळगावात खोली करून राहतो आणि आई-वडील चंदगड तालुक्यातल्या गावी असतात, असं इथे घरोघरी आहे. तिथे ‘नाही’ लिहून गाव आणि राज्य भरलं, तरच घरच्यांना त्यांच्या जवळची डिस्पेन्सरी मिळायची वाट मोकळी होते. लग्न, जन्म, मृत्यू असा कुटुंबातला बदल १५ दिवसांत कळवायचा असतो. बहुतेक जण तो कधीच कळवत नाहीत.

ग्रुप मेडिक्लेममध्ये ‘कुटुंब’ कोण, हे कंपनीने घेतलेली पॉलिसी ठरवते. काही ठिकाणी स्वतः, जोडीदार आणि दोन मुलं. काही ठिकाणी त्यात आई-वडीलही. सासू-सासऱ्यांची सोय असली तरी बहुतेक वेळा आई-वडील किंवा सासू-सासरे यांतली एकच जोडी घेता येते. आपली आई आणि बायकोचे वडील अशी मोडजोड चालत नाही. धाकटा भाऊ, विधवा बहीण, आजी हे तुमच्याच ताटात जेवत असले तरी यादीत सहसा बसत नाहीत. त्यांना वेगळी पॉलिसीच काढावी लागते.

आता नावांकडे. इथल्या आधार कार्डावर कन्नड आणि इंग्रजी असतं, महाराष्ट्रातल्या कार्डावर मराठी आणि इंग्रजी. विमा कंपनी बघते फक्त इंग्रजी. कर्नाटकातल्या पद्धतीने ‘ज्योती’, ‘गीता’, ‘शांता’ यांच्या स्पेलिंगात टीनंतर एच लागतो. गडहिंग्लजच्या शाळेच्या दाखल्यावर तो नसतो. विठ्ठल, परशराम, लक्ष्मी यांची स्पेलिंगं तर प्रत्येक कागदावर वेगळी. कुठे ‘एम. के. पाटील’, कुठे ‘पाटील मारुती कल्लाप्पा’. सासूबाईंच्या एका कार्डावर ‘लक्ष्मी’, दुसऱ्यावर ‘लक्ष्मीबाई’. यावर इलाज सोपा आहे. हॉस्पिटलात जे ओळखपत्र दाखवणार, ते एकच ठरवा, म्हणजे आधारच. त्यावरचं इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर तसंच शीटमध्ये उतरवा, मग ते चुकीचं का दिसेना. ‘एवढं सुधारून घेऊ’ म्हणून शीटमध्ये शुद्ध स्पेलिंग लिहिणाऱ्यांचेच क्लेम अडकतात.

आधारच दुरुस्त करायचं असेल तर घाई नको. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. पॅन, बँक, शाळा सगळं जुळवून मगच ती संधी वापरा. आई-वडिलांच्या आधारवर पुष्कळदा नुसतं जन्माचं साल असतं. एचआर मग आपल्या मनाने १ जानेवारी टाकतो आणि वडिलांच्या जुन्या दाखल्यावर असते १ जून. प्रीमियमचा टप्पा वयावर ठरत असल्याने हा फरक नंतर खुपतो. कुठली तारीख टाकायची ते तुम्हीच मेलवर लिहून द्या. नात्याचा पुरावा म्हणून रेशन कार्ड जोडलंत, तर त्यातली नावं इंग्रजीत टाइप करून सोबत द्या. पुण्यातल्या माणसाला कन्नड रेशन कार्ड वाचता येत नाही आणि बेंगळुरूच्या माणसाला मराठी दाखला.

पॉलिसी सुरू झाल्यावर मध्येच नाव घालायला सहसा दोनच कारणं चालतात: लग्न आणि मूल. मुदत बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची. लग्नाचे ३० दिवस अक्षता पडल्या त्या तारखेपासून मोजतात, सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी झाली त्या तारखेपासून नाही. इथे हमखास एक चूक होते. बायकोचं आधार सासरच्या नावाने करून घेऊ, मग पाठवू, असं म्हणता म्हणता मुदत निघून जाते. तसं करायची गरज नाही. माहेरच्या नावाचंच आधार लावून आधी नाव घाला. नाव बदललं तर दुरुस्ती नंतरही होते, पण हुकलेली मुदत पुढच्या रिन्यूअलपर्यंत हुकलेलीच राहते.

बाळाचं तर याहून नाजूक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बेळगावची सून कोल्हापूर, आजरा नाहीतर गडहिंग्लजला. सव्वा महिना होईस्तोवर बाळ-बाळंतीण तिकडेच, आणि ३० दिवस त्याआधीच संपलेले. जन्मदाखल्यावर नाव हवं म्हणून बारशाची वाट बघतात, मग दाखल्याची. वाट बघू नका. डिस्चार्ज कार्डावर जन्मतारीख आणि आईचं नाव असतं. त्यावरच ‘बेबी ऑफ अमुक’ असं लिहून पहिल्या आठवड्यातच एचआरला मेल टाका. दाखला आणि नाव मागून देता येतं. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, आणि जिथे जन्म झाला तिथल्याच कार्यालयात होते. गडहिंग्लजला जन्मलेल्या बाळाचा दाखला बेळगावच्या महानगरपालिकेत मिळणार नाही. बाळंतपणाच्या खर्चाला पॉलिसीत वेगळी मर्यादा असते, आणि माहेरचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलांत, आहे का हे सातव्या महिन्यात बघायचं, कळा सुरू झाल्यावर नाही.

नावं पाठवली म्हणजे काम झालं असं नाही. एचआर ती विमा कंपनीला पाठवतो, तिकडून एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत नोंद होते, मग टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेमचं काम बघणारी संस्था, ई-कार्ड काढते. या साखळीत कुठेही ओळ गळू शकते. ई-कार्ड आलं की प्रत्येकाचं नाव, नातं, जन्मतारीख त्याच आठवड्यात ताडून बघा. ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ची अदलाबदल आणि तारखेतला दिवस-महिना उलटणं या दोन चुका सगळ्यात जास्त. दुरुस्तीचं उत्तर लेखी मागा.

नेटवर्क हॉस्पिटलं शोधताना पोर्टलवर ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ ही दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं टाकून बघा. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी नाव बदललं, पण सगळ्या याद्या बदलल्या आहेत असं धरून चालू नका. निपाणी-चिकोडीकडच्यांनी कोल्हापूरची यादी, खानापूरकडच्यांनी गोव्याचीही काढून ठेवावी. पॉलिसी देशभर चालते, राज्याची हद्द आड येत नाही. आड येतं ते नेटवर्कमध्ये नसणं. कॅशलेसचा, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरावं असा अर्ज गेला की विमा कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे.

तालुक्याच्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये पैसे भरून नंतर क्लेम करणार असाल, तर हॉस्पिटलच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या. कर्नाटकात ही नोंदणी खासगी वैद्यकीय संस्थांच्या केपीएमई कायद्याखाली होते, महाराष्ट्रात नर्सिंग होम कायद्याखाली. नोंदणी नसेल तर दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात निदान दहा खाटा हव्यात, शिवाय चोवीस तास नर्स आणि डॉक्टर वगैरे अटी आहेतच. सहा खाटांच्या, नोंदणी नसलेल्या दवाखान्याचं बिल कितीही खरं असलं तरी परत येतं.

खोलीच्या भाड्याची मर्यादाही घरच्यांना आधीच सांगून ठेवा. विमा ३ लाखांचा आणि मर्यादा १ टक्का असेल तर दिवसाला ३,००० रुपये. ‘जरा बरी खोली घेऊ’ म्हणून ५,००० ची घेतली, तर नुसते वरचे दोन हजार जात नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे जोडखर्चही तीन-पंचमांशच मिळतात. एक लाखाचे ६०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही. लावलेली दिसली तर भांडा.

आई-वडिलांना त्याच ३ लाखांच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून असलेल्या एकाच कव्हरमध्ये, घालण्यापेक्षा कंपनी त्यांचं वेगळं कव्हर देत असेल तर पगारातून पैसे कापून का होईना ते घ्यावं. वडिलांच्या एका बायपासमध्ये सगळ्या घराचं कव्हर संपतं. या वेगळ्या कव्हरमध्ये १० ते २० टक्के को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा, असू शकतो, तो विचारून घ्या. मात्र जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जाणं ही ग्रुप पॉलिसीत बहुधा मिळणारी सवलत बाहेर या वयात मिळणं कठीण. तुम्ही भरलेल्या या प्रीमियमवर जुन्या करपद्धतीत प्राप्तिकरात वजावट मिळते, आई-वडील साठीपुढचे असतील तर ५०,००० पर्यंत. सासू-सासऱ्यांच्या प्रीमियमवर ती मिळत नाही. आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या महात्मा फुले योजनेच्या भरवशावर कुणी आई-वडिलांचं नाव इथून वगळू नये. ती योजना वेगळी, तिचे कागद वेगळे.

नोकरी सोडताना शेवटच्या दिवशीच, किंवा पॉलिसीत लिहिलं असेल त्या दिवशी, सगळ्या घराचं कव्हर बंद होतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय नियमात आहे. तसं गेल्यास ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पीरियडमध्ये, म्हणजे काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायच्या काळात, धरली जातात. अर्ज मात्र राजीनाम्याच्या नोटीस काळातच द्यायचा, आणि सोबत लागणारी जुन्या पॉलिसीची प्रत, घरच्यांची ई-कार्डं आणि आधीच्या क्लेमचे कागद कंपनीचा मेल आयडी बंद व्हायच्या आत स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवायचे.