ऑपरेशन पंधरा मिनिटांचं, सर्टिफिकेटला साडेपाच महिने

नसबंदी केली म्हटलं की सगळे एकच विचारतात, दुखलं का. नाही दुखलं. भुलीचं इंजेक्शन टोचलं तेवढंच काय ते, बिनटाक्याची असते, पंधरा मिनिटांत बाहेर आणि अर्ध्या तासाने घरी. डोक्याला ताप झाला तो नंतर, आणि त्याबद्दल आधी कोणीच सांगत नाही म्हणून लिहायला बसलोय.

आमची दोन्ही पोरं सिझेरियनची. दुसऱ्या वेळी हिचं रक्त कमी होतं म्हणून डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं नंतर बघू. मग घरी आईचं रोज सुरू, सूनबाईचं कधी उरकायचं. एकदा जेवताना बोलून गेलो की माझंच करतो. आईने माझं ताट पुढं ओढलं आणि म्हणाली, पोतं उचलायचा नाहीस उद्यापासून. आजोबा काहीच बोलले नाहीत, आणीबाणीत, 1976 ला, नसबंदीला धरून न्यायची गाडी आली की पुरुष उसात लपायचे हे त्यांच्याकडूनच ऐकलेलं. आशाताईसुद्धा आली ती हिच्याशीच बोलायला लागली, मी समोर खाटेवर बसलोय तरी. नंतर मोबाईलवर बघितलं तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात बायकांची नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुषांची 0.3. म्हटलं बरोबर आहे मग, ताईला तरी सवय कुठनं असणार.

ऑपरेशन नोव्हेंबरच्या पुरुष नसबंदी पंधरवड्यात झालं (21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर असतो, तेव्हा सर्जन नक्की भेटतो). सरकारचे 1451 रुपये खात्यावर आले. आता खरी गोष्ट.

नस बांधली तरी आधीचे शुक्राणू आत शिल्लक असतात, त्यामुळे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासायचं, शून्य आलं तरच सर्टिफिकेट. फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तर लॅबवाले ट्रेनिंगला. मार्चमध्ये गेलो तर डबी हातात दिली आणि म्हणाले घरून आणा, पण तासाच्या आत. माझं गाव तिथून 31 किलोमीटर, एसटी दोन, मधे फाट्यावर थांबायचं, तासात कसं आणू? मग इथंच द्या म्हणाले. इथं म्हणजे ओपीडीच्या मागचं बाथरूम, कडी तुटलेली, बाहेर लसीकरणाची रांग, पोरं रडतायत आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी दार ढकलतंय. आतनं एक पाय दाराला लावून उभा होतो. जास्त सांगत नाही. रिपोर्टवर लिहिलं, थोडे दिसतात. माझ्या पोटात गोळा. फेल गेलं का विचारलं तर खिडकीतला म्हणतो पुढच्या महिन्यात या. हे असं होऊ शकतं, दर महिन्याला परत तपासतात, हे वाक्य एका सिस्टरने जिन्यात सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. एवढंच आधी सांगितलं असतं तर महिनाभर झोप तरी लागली असती.

एप्रिलला मित्राची मोटारसायकल घेतली, डबी शर्टाच्या आत अंगाला लावून (थंड होऊ द्यायची नाही म्हणतात), पन्नास मिनिटांत पोचलो. शून्य. रस्त्यातच उसाचा रस प्यायलो दोन ग्लास.

मग सर्टिफिकेट. क्लार्क म्हणाला, पेशंटला आणा. मीच पेशंट. नाही हो, बाईला आणा, सही लागते. म्हटलं बायकोच्या संमतीची अट नाहीये, ऑपरेशनच्या वेळीच डॉक्टरांनी सांगितलंय. मग रजिस्टर उघडलं, माझ्या नावाच्या ओळीत हिचं नाव लाभार्थी म्हणून आणि मी 'पतीचे नाव' मध्ये. ते दुरुस्त करायला साहेबांची सही, साहेब मीटिंगला. तीन चकरा, दर वेळी रोजगार बुडाला. मे महिन्यात कागद मिळाला, त्यावर छापलेलं 'श्रीमती' पेनाने खोडून श्री केलेलं.

हां, राहिलंच, ऑपरेशनला जाताना लंगोट नाहीतर घट्ट चड्डी घेऊन जा, मी ढगळ घालून गेलो आणि खड्ड्यांच्या रस्त्याने परत येताना ते कळलं. आठवडाभर जड उचलू नका. रजिस्टरमध्ये नाव कुठल्या रकान्यात लिहितायत ते त्याच दिवशी वाकून बघा, लाजू नका. आणि सर्टिफिकेट सोडू नका, उद्या फेल गेलं तर भरपाईला तोच कागद मागतात.

पोतं दहाव्या दिवशी उचललं, मुद्दाम आईसमोर. परवा गिरणीत एकजण कानाशी येऊन विचारत होता, रजिस्टरमधलं नाव सगळ्यांना दिसतं का. म्हटलं ते पान बघायला कोण येतंय, सगळ्या बायकांचीच नावं आहेत. तू फक्त आधारच्या दोन झेरॉक्स जास्त ने.