आमची वाटचाल : शाळेतल्या स्टँडपासून स्वतःच्या शेडपर्यंत

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप २०१४ ला सुरू झालं, पण मी पहिलं बिल बनवलं ते आठवीत. शाळेत आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) होतं ना, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा कोर्स, डॉ. कलबाग सरांनी १९८३ ला सुरू केलेल्या आश्रमातनं आलेला. आठवड्यातला एक दिवस हातानं काम, वेल्डिंग, लाईट फिटिंग, शेती-जनावरं, स्वयंपाक-आरोग्य, आणि पोरापोरींनी सगळ्यांनी सगळं करायचं, पोरी वेल्डिंगला आणि आम्ही चिक्की वळायला.

त्यात गावातल्या लोकांची खरी कामं घ्यायची आणि पैसे घेऊन करून द्यायची. आमच्या ग्रुपला किराणावाल्या काकांचं काम आलं, तेलाचे डबे ठेवायला अँगलचं स्टँड. आम्ही खर्चात अँगल, रॉड, रंग, मजुरी सगळं धरलं आणि खूश होऊन वही शाळेतल्या सरांकडं दिली. सरांनी विचारलं, कापून उरलेले तुकडे कुणाच्या खिशातनं गेले, आणि लाईट बिल? परत बसलो लिहायला. स्टँड दिलं तर ते डुगडुगायला लागलं, काकांनी तसंच परत पाठवलं, चौकट गुण्यात नव्हती, म्हणजे कोपरे काटकोनात नव्हते. मग दोन्ही कर्ण मोजून बघायचे, सारखे आले तरच पक्का टाका मारायचा, हे तेव्हा शिकलो ते आजपर्यंत, गेट असो नाहीतर गोठ्याच्या छपराची चौकट.

पुढं आयटीआय वेल्डर, चाकणला चार वर्षं नोकरी, मग सेकंडहँड मशीन घेऊन गावाकडं. दुसऱ्याच वर्षी एका मोठ्या गेटचे पैसे बुडाले, अ‍ॅडव्हान्स घेतला नव्हता, ओळखीचा माणूस म्हणून. तेव्हापासून अर्धे पैसे आल्याशिवाय माल आणत नाही, भाऊ असला तरी.

आज आम्ही पाच जण आहोत. गोठ्याचे शेड, दुकानाचे रॅक, ट्रॅक्टरची किरकोळ कामं चालतात. शाळेतली पोरं येतात बघायला, त्यांना मी मशीनजवळ नंतर नेतो, आधी टेप आणि वही देतो, माप घ्या आणि कोटेशन काढा म्हणतो. नुसतं जर्नल भरून धंदा कळत नाही, समोर पैसे देणारं आणि माल परत पाठवणारं गिऱ्हाईक पाहिजे, मी तरी तसाच शिकलो. यंदा शाळेच्या सायकल स्टँडचं माप आणि कॉस्टिंग नववीची मुलं करतायत, वेल्डिंगला दिवाळीनंतर हात लावू.