काळ्या वावराचं चित्र: थर चढताहेत

चार बाय पाच फुटांच्या मांजरपाटावरचं चित्र निम्म्यावर आलंय. दोनच पट्टे आहेत. खाली नांगरटी झालेलं काळं वावर, वर वैशाखातलं धुळकट, पांढुरकं आभाळ. झाड नाही, बैल नाही.

काळ्या रंगाची ट्यूब उघडायचीच नाही, हे आधीच ठरवलं होतं. आमच्या यवतमाळकडच्या मातीला काळी म्हणतात, पण नुकत्या उलटलेल्या ढेकळावर सकाळचं ऊन पडलं की ती जांभळट दिसते आणि वाळली की राखी. म्हणून अल्ट्रामरीन निळ्याचे आणि बर्न्ट अंबर तपकिरीचे पातळ थर देतोय, मध्ये एखादा अलिझरिन क्रिमझन लालचा. नुसत्या पाण्यानं अ‍ॅक्रिलिक फार पातळ केलं तर त्यातला बाइंडर, म्हणजे रंग बांधून ठेवणारा घटक, कमी पडतो आणि रंग नीट धरत नाही, म्हणून सोबत मॅट मीडियम, म्हणजे चमक न आणता रंग पातळ करणारं द्रव. उन्हाळ्यात दुपारी रंग ब्रशवरच वाळतो. काम पहाटेच करावं लागतं.

आभाळाच्या भागाला जेसो, म्हणजे रंगाआधी कापडावर द्यायचा पांढरा अस्तराचा थर, लावलेला नाही. ही वाट अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलरची. 1952 साली 'माउंटन्स अँड सी' करताना तिनं टर्पेंटाइननं पातळ केलेला तैलरंग जमिनीवर पसरलेल्या कोऱ्या कॅनव्हासवर ओतला आणि कापडाला तो पिऊ दिला. मात्र तेल कोऱ्या कापडाचे धागे हळूहळू खातं, म्हणून मी अ‍ॅक्रिलिकवरच राहिलो. मांजरपाट रंग इतका सुंदर पितो की आभाळाला वेगळा पोत द्यावाच लागला नाही.

असं चित्र दिसलं की लोक लगेच रंगांचे मोठे पट्टे रंगवणाऱ्या अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोचं नाव घेतात. त्याच्या पट्ट्यांच्या विरघळणाऱ्या कडा मी तासन्‌तास न्याहाळल्या आहेत. पण मला जवळचे वाटतात ते आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे. 1924 साली नागपुरात जन्मलेला हा माणूस ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगाची बोथट सुरी) वापरायचा, फाटक्या कागदांचे तुकडे दाबून रंग चढवायचा, उचलायचा. स्वतःच्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना रुचत नसे. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यांच्या रंगात उजेड आतून येतो, आणि तो थरांमुळेच येतो, असं माझं ठाम मत आहे.

मातीच्या पट्ट्यावर तीच पद्धत चालवतोय: घरं रंगवायचा छोटा रोलर आणि फाडलेलं वर्तमानपत्र. ओल्या थरावर कागद दाबून उचलला की खालचा जांभळा ठिकठिकाणी वर येतो. शेजारच्या काकाजींनी पाहिलं आणि विचारलं, "पेरणीच्या अगोदरचं वावर हाय ना हे?" खेड्यात असली चित्रं कळत नाहीत, हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

आता उरली ती मधली कड. वर कोरं कापड, खाली जेसो, त्यामुळे एकच रंग दोन्हीकडे वेगळा वागतो. उरलेल्या तुकड्यावर अर्ध्या भागाला जेसो लावून चाचणी सुरू आहे: एकदा कोरड्या रोलरनं, एकदा कापड मागून ओलं करून. ओल्या कापडावरची कड जास्त आवडतेय, पण वाळल्यावर ती किती फिकी पडते ते पाहूनच मोठ्या कापडाला हात लावेन.